डाव्या कुशीवर

गोळी टॉवेलवर पडली होती आणि धाकटीनं ती बघताक्षणी ओळखली. दहा वाजायला आले होते. बाबांना उलटी झाली, फार नाही, दोन घोट पाणी आणि थोडा चिकट द्रव, आणि त्यात ही. वहिनी सवयीच्या हातानं टॉवेल गुंडाळायला लागली तेव्हा धाकटीनं तिचं मनगट धरलं. "थांब, टाकू नकोस," ती म्हणाली आणि दोन बोटांत गोळी उचलून खिडकीपाशी नेली. कडा झिजल्या होत्या, पिवळसर आवरण एका बाजूनं फुगून आलं होतं, पण मधली रेघ जागच्या जागी होती आणि रेघेच्या दोन्ही बाजूंची अक्षरं वाचता येत होती. वहिनीनं सकाळी सातला दिलेल्या तीन गोळ्यांपैकी ही एक होती. तीन तास झाले होते. धाकटीच्या हिशेबानं ती पहिल्या पंधरा मिनिटांत फुटायला हवी होती, अर्ध्या तासात पोटातून आतड्यात उतरायला हवी होती, आणि एव्हाना रक्तात जाऊन, मेंदूपर्यंत पोचून, आपलं काम उरकून निम्मीअधिक संपायला हवी होती. हे काही तिनं कुठं वाचलेलं नव्हतं. हे तिनंच सांगितलं होतं, आलेख काढून, खाली स्वतःची सही करून.

"मुद्दाम करतात," दादा दारातून म्हणाला. तिचा मोठा भाऊ. हातात अर्धवट इस्त्री केलेला शर्ट, चेहऱ्यावर बाबा अंथरुणाला खिळल्यापासूनची आठ महिन्यांची अपुरी झोप. "आता तू बघतेयस म्हणून बरं. सकाळी चमचा उचलवत नाही, आणि दुपारी दोनला बघ, उठून बसतात आणि पेपर मागतात. मग सकाळीच काय होतं? नाटकं नाहीत तर काय?" बाबा डाव्या कुशीवर पडून खोलीकडे बघत होते. कंपवातानं त्यांचा चेहरा लाकडी झाला होता, त्यावर राग उमटत नसे की हसू उमटत नसे, त्यामुळे त्यांच्यासमोर काहीही बोलायची घराला सवय लागली होती. धाकटीला त्या सवयीचा संताप आला, आणि लगेच आठवलं की परवा फोनवर बाबांबद्दल बोलताना आपणही आधी विचारून घेतलं होतं, ते ऐकत नाहीत ना. सोमवारी डॉक्टर ठरवणार होते. औषध लागू पडत नाही, तेव्हा ते बंद करायचं, अन्न नळीनं द्यायचं, आणि ते घरी जमणार नाही म्हणून बाबांना शुश्रूषागृहात हलवायचं. दादानं तिथली खोली बघून ठेवली होती. म्हणूनच धाकटीला बोलावलं होतं, दोन दिवस राहून जा म्हणून. पुढं या घरात बाबा नसतील हे कुणी म्हणालं नाही, पण बोलावण्याचा सूर तोच होता.

औषध लागू पडत नाही. हे वाक्य तिच्या डोक्यात घण घातल्यासारखं वाजत राहिलं. औषध लागू पडायला आधी पोटातून पुढं तर सरकलं पाहिजे. तीन तास पोटात पडून राहिलेल्या गोळीला गुन्हेगार कुणी म्हणत नाही आणि ज्याच्या पोटात ती पडून राहिली त्याला म्हणतात नाटक्या. नाचता येईना गोळीला आणि वाकडं म्हणे बाबांचं अंगण. दुपारी दोनला उठून बसतात म्हणे. बसतील नाही तर काय करतील, सातच्या आणि बाराच्या अशा सगळ्या गोळ्या पोटाच्या दारात अडकून शेवटी एकदमच खाली उतरत असतील. इतकं सरळ गणित आठ महिन्यांत कुणालाच सुटलं नाही. डॉक्टरांनी एकाच्या दोन केल्या, दोनच्या तीन केल्या. दादानं डोकं धरलं. आणि आपण, आपण तर ज्या गणितावर घर चालवतो ते हेच गणित, आपण दर रविवारी फोन करून विचारत होतो, गोळ्या वेळेवर देताय ना.

ऑफिसात तिला आतडेबाई म्हणत. आडनाव वेगळं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहत नसे. नवी गोळी माणसानं गिळली तर पोटात किती वेळात विरघळेल, आतड्याच्या कुठल्या भागात किती शोषली जाईल, रक्तात कधी आणि किती चढेल, याचं भाकीत करायचं हे तिचं काम. त्यासाठी संगणकात एक माणूस बसवलेला होता. त्याचं पोट, त्याचं लहान आतडं सात तुकड्यांत, मोठं आतडं, सगळं आकड्यांचं. तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि अठ्ठावीसच राहिला होता. रात्रभर उपाशी राहून तो सकाळी ताठ बसे, भरल्या पेल्यातलं सगळं पाणी एका दमात पिऊन गोळी गिळे, कधी खोकत नसे, आडवा पडत नसे, त्याला मळमळ ठाऊक नव्हती. ऑफिसातली मंडळी त्याला गुणी बाळ म्हणत. पलीकडच्या प्रयोगशाळेत तीच गोळी काचेच्या भांड्यात टाकत, नऊशे मिलिलिटर द्रव, सदतीस अंश, वर मिनिटाला पन्नास फेरे घेणारं पातं. त्या भांड्यात गोळी कशी सुरेख विरघळायची. पाहुणे आले की त्यांना ते भांडं दाखवत. रिकाम्या पोटी खऱ्या माणसाच्या जठरात जेमतेम तीन-चार चमचे पाणी असतं हे तिला तेव्हाही माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि झिजलेली गोळी बोटांत धरणं वेगळं.

तिनं वहिनीला विचारलं, अगदी हळू, कारण आवाज चढला तर तो वहिनीवर चढला असता आणि वहिनीचा त्यात काही दोष नव्हता. "गोळी देताना पाणी किती देतेस?" वहिनी म्हणाली, "एक चमचा. जास्त दिलं की ठसका लागतो त्यांना." "आणि बसवून देतेस?" वहिनीनं टॉवेल पोटाशी धरला. "सकाळी अंग वाकतं का त्यांचं? असेच असतात. डाव्या कुशीवर." "नेहमी डाव्याच?" "मग कुठल्या? उजवीकडे भिंत आहे. माणसाला भिंतीकडे तोंड करून कसं निजवायचं? दिवसभर खोली दिसते, दार दिसतं, मी येता-जाता दिसते. तेवढंच त्यांना." धाकटीनं मनातल्या मनात बाबांचं पोट आडवं करून बघितलं. जठराचं खालचं दार उजव्या बाजूला असतं. डाव्या कुशीवर माणूस पडला की ते दार वर राहतं आणि गोळी खाली पिशवीत जाऊन बसते. म्हणजे बाबांचं तोंड भिंतीकडे नको म्हणून वहिनीनं जी माया केली होती तीच गोळी अडवून बसली होती, आणि वर आजारानं आधीच मंदावलेलं पोट. या घरात सगळ्यांनी सगळं चांगल्यासाठीच केलं होतं. तिला वाटलं, निदान एक तरी माणूस दुष्ट निघाला असता तर बरं झालं असतं, त्याच्यावर ओरडता आलं असतं.

डाव्या कुशीवर. हे शब्द तिनं आधी कुठं तरी वाचले होते, परिचारिकेच्या हस्ताक्षरात, निळ्या शाईत. ते आठवायला तिला कष्ट पडले नाहीत. कष्ट पडले ते आठवू नये म्हणून, आणि ते वाया गेले. सहा वर्षांपूर्वी याच गोळीची चाचणी. चोवीस निरोगी माणसं, पांढऱ्या खोलीत चोवीस खाटा, सकाळी एकेकाला गोळी द्यायची, पेलाभर पाणी पाजायचं, आणि मग चार तास ताठ बसायचं असा नियम. ती मुद्दाम बघायला गेली होती. सात नंबरच्या खाटेवरचा माणूस गोदामात माल चढवायचा, पाठीत उसण भरलेली, मोज्याला अंगठ्यापाशी भोक. तो तिला म्हणाला, "ताई, जरा पडू का? बसवत नाही." ती म्हणाली, "नियमात नाही हो." त्यावर तो हसून म्हणाला, "घरी कोण बसून राहतं गोळी घेऊन?" आणि थोड्या वेळानं आडवा झाला तो झालाच. परिचारिकेनं उठवलं, तो परत पडला, डाव्या कुशीवर. ते वाक्य धाकटीनं दुपारी जेवताना सगळ्यांना सांगितलं होतं, त्याच्या आवाजाची नक्कल करून. सगळे हसले होते. घरी कोण बसून राहतं गोळी घेऊन.

त्याचं रक्त उशिरा बोललं. तेवीस जणांच्या रेघा अर्ध्या तासात वर चढलेल्या आणि याची जमिनीला चिकटलेली, अडीच तासांनी कशीबशी उठलेली. साहेबांना ऑफिसात सरासरीसाहेब म्हणत, कारण कुठल्याही प्रश्नावर ते "सरासरी काय म्हणते?" असंच विचारत. ते म्हणाले, "हा एकटा सगळ्यांना खाली ओढतोय. नियम मोडलाय ना त्यानं? मग काढ." त्यात खोटं काही नव्हतं. नियम होता, त्यानं तो मोडला होता. तिनं रकान्यात लिहिलं: नियमभंग, गणनेतून वगळला. कळ दाबली आणि आलेख असा देखणा झाला की तिला स्वतःलाच त्याचा अभिमान वाटला. गुणी बाळाची रेघ आणि तेवीस जणांची रेघ एकावर एक बसली. बैठकीत टाळ्या वाजल्या. पुढं त्या रेघेवरून खोक्यातल्या माहितीपत्रकात एक वाक्य छापलं गेलं: साधारणपणे अर्ध्या तासात परिणाम दिसू लागतो.

डॉक्टरांना तिनं लगेच फोन लावला. ते शांतपणे बोलले, शांतपणे बोलणाऱ्या माणसांना खोडून काढणं फार अवघड असतं. "हे बघा ताई, तुमची तळमळ कळते मला. पण पत्रकात स्वच्छ लिहिलंय, अर्ध्या तासात परिणाम. इथं तीन गोळ्या देऊनही सकाळी काही नाही. औषधाचा उपयोग संपलाय." "ते वाक्य माझं आहे," ती म्हणाली. "म्हणजे?" "म्हणजे ते ज्या माणसांवरून लिहिलं ते चार तास ताठ बसले होते. जो आडवा पडला त्याला मी काढून टाकलं." मग डॉक्टर म्हणाले, "गोळी तीन तासांनी अख्खी निघाली म्हणता? ठेवलीय?" "ठेवलीय." "बरं. तिच्या बदली दुसरी देऊ नका. उद्या सकाळी एकच द्या, तीन नाही. बसवून, पाणी घोटाघोटानं, ठसका लागला तर थांबायचं. सोमवारी बघू. पण फार आशा धरू नका." आशेचा यात काय संबंध, असं तिला ओरडून विचारायचं होतं. कुणी आशा मागत नव्हतं. एका गोळीला तिच्या वाटेनं जाऊ द्या, एवढंच मागणं होतं.

बाबा वजनमापांचे निरीक्षक होते. शाळेला सुट्टी असली की ते तिला बाजारात बरोबर नेत आणि प्रमाण वजनांची पेटी तिच्या मांडीवर ठेवत. आत मखमलीच्या खोबणीत पितळी वजनं, आणि ती उचलायला चिमटा. "बोट लावायचं नाही. बोटाचा घाम लागला तरी वजन फिरतं." दुकानदार त्यांना बघून खुर्ची पुसत, थंड काही तरी मागवत, आणि कपाटातून चकचकीत वजनांचा संच काढून पुढं ठेवत. बाबा त्याला हातही लावत नसत. "हा तुझा पाहुण्यांसाठीचा. मला रोजचा दाखव." मग गोणीखालून तेलकट, तळ घासलेली वजनं निघत, आणि दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होई. परतताना बाबा म्हणत, "नमुना दुकानदारानं निवडायचा नसतो, धाकटे. निवडला की तपासणी संपली." तिनं ते किती वेळा ऐकलं होतं. कानाआड केलं असंही नाही, तिला ते पाठ होतं, भाषणात एकदा तिनं ते वापरलंही होतं. आणि तरी तिनं आपल्या हातानं चकचकीत संच मांडला, गोणीखालचं एकुलतं एक रोजचं वजन उचलून बाहेर फेकलं, आणि त्याला नियमभंग असं नाव दिलं. आता तेच वजन आठ महिने तिच्या बापाच्या पोटात पडून होतं. दारातली दादाची सावली, बाबांची न मिटणारी नजर, पुडीत बांधलेली गोळी, यातलं काहीच तिच्याकडे बोट दाखवत नव्हतं, आणि त्याचाच तिला सर्वांत जास्त राग आला.

"खाट फिरवायची," ती म्हणाली. दादाला कळेना. "डोकं तिकडं, पाय इकडं. मग उजव्या कुशीवर पडले तरी तोंड खोलीकडेच राहील." दादा म्हणाला, "डोकं इकडं ठेवलंय कारण प्लग इकडं आहे. दिव्याचा." कुणाच्या बापाच्या पोटाचं दार वर राहील की खाली, हे घराच्या वायरिंगवाल्यानं ठरवलं होतं. "प्लग," ती म्हणाली. "दादा, तू प्लगसाठी बाबांना नळी लावणार आहेस?" "उचलली जीभ लावली टाळ्याला," दादा भडकला. "तू चार महिन्यांनी येणार, एक गोळी बघणार आणि आम्हाला शिकवणार. रोज रात्री त्यांना तीनदा कोण वळवतं? तुझा तो संगणक?" वहिनी मध्ये पडली नाही. ती आत गेली आणि एक्स्टेंशन बोर्ड घेऊन आली, त्याची वायर उलगडत दादासमोर उभी राहिली, आणि म्हणाली, "धरा त्या टोकाला." तिघांनी मिळून बाबांना आरामखुर्चीत बसवलं आणि खाट फिरवली. खाटेखालच्या फरशीवर चार पायांचे चार गंजके डाग निघाले. दादा बराच वेळ ते डाग बघत होता. मग त्यानं स्वतःच फडकं आणलं.

रविवारी सकाळी सातला धाकटीनं आणि दादानं बाबांना खाटेच्या कडेला बसवलं. त्यांची मान पुढं झुकलेली, पाठ फळीसारखी. गोळी जिभेवर, मग एक घोट, थांबायचं, दुसरा घोट. एकदा ठसका लागला, दादानं पाठीवरून हात फिरवला, मग परत घोट. पेला संपायला बारा मिनिटं लागली; गुणी बाळाला बारा सेकंद लागत. थोडा वेळ तसंच बसवून त्यांना उजव्या कुशीवर निजवलं. धाकटी जमिनीवर बसली, समोर भिंतीवरचं घड्याळ. साडेसात. अर्धा तास झाला आणि काहीही झालं नाही. तिला आपल्या छापील वाक्याचा असा तिटकारा आला की तोंडाला कडू चव आली. साधारणपणे अर्ध्या तासात. साधारणपणे म्हणजे कुणाच्या? पावणेआठ. बाबांचा अंगठा, जो तर्जनीवर अखंड घासत असे, तो थांबला. त्यांनी पांघरुणाची कड धरली आणि ती खांद्यावरून खाली ओढली, स्वतः. मग डोळे खोलीभर फिरले.

"दार तिकडं कसं गेलं?" ते म्हणाले. आवाज कोरडा होता, पण शब्द सुटे होते. वहिनीनं तोंडावर हात धरला. दादा चटकन पुढं झाला आणि मग मध्येच थांबला, कारण बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. ते धाकटीकडे बघत होते. "काल बोटांनी उचललीस," ते म्हणाले. "चिमटा नव्हता?" म्हणजे त्यांनी बघितलं होतं. ते सगळं बघत होते, सगळं ऐकत होते, नाटकं, नळी, खोली, आठ महिने. तिला रडू यायला हवं होतं, पण बाबांच्या डोळ्यांत जे होतं ते रडू येण्यासारखं नव्हतं. त्यात तपासणीला आलेला माणूस होता. "फोनवर काय म्हणत होतीस? कुणाला काढून टाकलंस?" तिनं सांगितलं. खाटा, पाणी, नियम, रेघा. ते मध्ये मध्ये विचारत होते, तेही मोजकंच, वेळ थोडा आहे हे ठाऊक असल्यासारखं. "माणसं किती?" "चोवीस." "धरली किती?" "तेवीस." "चोविसावा कुणी काढला?" साहेबांनी, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ते खरंही होतं. "मी," ती म्हणाली.

बाबांनी दादाला खुणेनं बोलावलं आणि त्याच्या खांद्याला धरून उठून बसले. दादा त्यांना आधार देत होता की त्यांचा आधार घेत होता, ते सांगता आलं नसतं. "कागद घे," बाबा म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर." तिला कळलं. खोटं वजन सापडलं की बाबा दुकानातच, गिऱ्हाइकांच्या देखत, दुकानदाराकडून लिहून घेत. उद्या देतो म्हणणाऱ्यावर त्यांचा कधी विश्वास बसला नव्हता. हा कागद सोमवारी डॉक्टरांकडे जाईल, मग ऑफिसात जाईल, सरासरीसाहेबांच्या टेबलावर, आणि त्यानंतर आतडेबाईंना कुणी भाकितं करायला ठेवील असं नव्हतं. तिनं लिहिलं. सहा वर्षांपूर्वीच्या चाचणीत स्वयंसेवक क्रमांक सात याला मी गणनेतून वगळलं. त्याची नोंद खरी होती. माहितीपत्रकातलं वाक्य तेवीस जणांचं आहे, सगळ्यांचं नाही. सात नंबरला परत धरावं. कालची गोळी नमुना म्हणून जोडली आहे. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबांनी मान हलवली, तशी ती सही करायला वळली.

"थांब," ते म्हणाले. "त्याचं नाव काय?"

"कुणाचं?"

"सात नंबरचं."

धाकटीनं आठवून बघितलं. उसण भरलेली पाठ आठवली, मोज्याचं भोक आठवलं, त्याच्या आवाजाची आपण केलेली नक्कल आठवली. "माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "नंबरच असतो."

"मग तसं लिही," बाबा म्हणाले. "नाव विचारलं नाही, म्हणून लिही."

तिनं ते लिहिलं आणि खाली सही केली. बाबांनी हात पुढं केला आणि तिच्या हातातलं पेन घेतलं. आठ महिन्यांत त्यांनी पेन धरलं नव्हतं. पंचाच्या जागी त्यांनी सही केली, अक्षरं मुंगीएवढी, एकमेकांना चिकटलेली, पण वाचता येत होती.